खुणेचा दात

"हात दाखवा," ते म्हणाले, आणि या कारखान्यात ज्योतिषीसुद्धा पगारावर ठेवलेला दिसतोय, असं माझ्या मनात आलं. मी उजवा हात पुढे केला. "दोन्ही," ते म्हणाले. मी दोन्ही केले. त्यांनी ते पालथे करून घेतले, एकेका बोटाचं टोक निरखून पाहिलं आणि मान हलवली. "दहा आहेत. ठीक आहे. काम करू शकता."

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या त्या फर्निचरच्या कारखान्यातला माझा तो पहिला दिवस. मी तेवीस वर्षांची, नुकता डिप्लोमा झालेला, बॅगेत नवी कोरी स्टीलची पट्टी आणि तोंडात इंग्रजी शब्द. सेठजींनी मला क्वालिटी बघायला ठेवलं होतं. त्यांनी घेतलेली मुलाखत पाच मिनिटांची होती, तीही चहासकट. खरी मुलाखत ही दुसरी होती, हे मला नंतर कळलं. कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचे हात करवतीवरचे काकाजी बघत. प्लायवूड विकायला आलेल्यांचे, ट्रकवाल्यांचे, एकदा तर सेठजींच्या होणाऱ्या जावयाचेही बघितले. एखादं बोट कमी असलेल्या सुताराला ते हसत नसत, हाकलतही नसत. फक्त विचारत, "मशीन चालू होती तेव्हा गेलं, की बंद केल्यावर?" बहुतेक जण खाली बघून सांगत, "बंद केल्यावर." मग काकाजी माझ्याकडे वळून बघत. बटण दाबलं तरी ब्लेड बराच वेळ फिरत राहतं, आणि शेवटी शेवटी तर आवाजसुद्धा करत नाही. माणसाचा घात होतो तो त्या गप्प वेळात.

त्यांची स्वतःची बोटं दहाच्या दहा होती. चाळीस वर्षं करवतीपुढे काढून दहा. दुसरे लोक मुलाच्या नोकरीबद्दल जसं सांगतात, तसं ते आपल्या बोटांबद्दल सांगत.

काकाजी महूचे. आजोबा फौजेत, वडील फौजेत, आणि ते स्वतः फौजेच्या वर्कशॉपात सुतार म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. "नोकरी रिटायर झाली, मॅडमजी, कान नाही झाले," असं म्हणत साठाव्या वर्षी ते आमच्याकडे आले. रोज महूहून एक बस, इंदुरात उतरून दुसरी बस, आणि तरी साडेआठला गेटवर हजर. अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, त्याला अशी इस्त्री की आमच्या सेठजींच्या मुलाने तिची नक्कल करून पाहिली होती. शेडमध्ये शिरले की आधी मशीनला पूर्ण फेरी मारायची, मग चपला काढून बूट घालायचे, मग कोणाशी बोलायचे. मधल्या वेळात कोणी इंदुरी थाटात "नमस्ते भिया" म्हटलं तर ते ऐकूच गेलं नाही असा चेहरा.

इंदुरात कामाला येऊन शेव न खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणजे खायचे, पण पाचनंतर. सकाळी सगळ्यांसाठी पोहे यायचे. काकाजी आपल्या पोह्यांवरची शेव बोटांनी वेचून एका कागदाच्या पुडीत ठेवत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "शेव कानात वाजते. मग मशीन काय बोलते ते ऐकायला येत नाही." आमचा ऑपरेटर सांवेरचा होता, चाळिशीचा, घरची सोयाबीनची शेती सांभाळून मोटरसायकलवर कामाला येणारा. तो रोज म्हणायचा, "काकाजी, पोहे और बिना सेव के? पाप लगेगा." काकाजी पुडी खिशात घालत. ती उघडायची परतीच्या बसमध्ये. एकदा मी त्याच बसने निघाले होते, तेव्हा त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "घ्या. आता मशीन बंद आहे." त्या शेवेला घामाचा आणि लाकडाच्या भुश्शाचा वास होता, तरी मी मूठभर खाल्ली.

आता ही मशीन काय होती ते सांगायला हवं, नाहीतर माणूस नुसताच विक्षिप्त वाटेल. विक्षिप्त होतेच, त्याबद्दल वाद नाही. साध्या करवतीवर माणूस लाकूड ढकलतो. या मोठ्या मशीनवर डावीकडचं टेबलच रुळावर सरकतं. त्यावर प्लायची अख्खी शीट आडवी ठेवायची, टेबल पुढे ढकलायचं, आणि शीट उभ्या गोल ब्लेडमधून कापली जात पलीकडे जाते. सगळी मदार एका गोष्टीवर. टेबल ज्या रेषेत सरकतं, त्याच रेषेत ब्लेड उभं पाहिजे. केसभर तिरकं असलं तर पुढचे दात कापतात आणि मागचे दात वर येताना तीच कड पुन्हा ओरबाडतात. लाकूड जळतं, वरच्या लॅमिनेटचे टवके उडतात, आणि ज्या बाईच्या स्वयंपाकघरात ते दार लागतं तिला पुढे जन्मभर तेवढंच दिसत राहतं.

हे केसभर मोजायला काकाजींकडे घड्याळासारख्या तबकडीचा गेज होता. काकूंच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवलेला. एकदा भुकेल्या ऑपरेटरने भलताच डबा उघडला होता आणि बिचारा आठवडाभर बोलणी खात होता. गेजवर बारीक बारीक आकडे होते, पण बोलताना काकाजी ते वापरत नसत. त्यांची मापं तीन. पतंगाचा कागद, पेपरचा कागद आणि लग्नपत्रिका. "आज ब्लेड मागे एक पेपर आत आहे," असं म्हणाले की सगळ्यांना कळायचं. घरी पत्रिका आली की ते वधूवरांची नावं नंतर वाचत, आधी कागद चिमटीत धरत. माझ्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका मी मोठ्या आदराने दिली, तर म्हणाले, "वा. सात पेपरांची आहे." लग्नाला आलेही, आणि जेवणभर मांडवाच्या वाकड्या खांबाकडे बघत बसले. शेवटी उठून त्यांनी तो खांब सरळ केला, तेव्हा कुठे जिलबी घेतली.

गंमत म्हणजे ते ब्लेड अगदी समांतर कधीच ठेवत नसत. मागची बाजू पतंगाच्या कागदाइतकी बाहेर सोडायची, म्हणजे मागचे दात कापलेल्या कडेला शिवत नाहीत. मी पुस्तकातलं समांतर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "एकदम सरळ नको, मॅडमजी. दारातून निघताना खांदा घासू नये एवढी जागा माणसाला पण लागते ना?"

वर्षातून ते एकच रजा घेत. एप्रिलमधल्या जयंतीची. त्या दिवशी कुठून कुठून माणसं महूला येतात, आणि काकाजी पांढरा शर्ट घालून सकाळपासून रस्त्यावर पाणी वाटत उभे राहत. आदल्या संध्याकाळी गेजचा डबा ते माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून जात. त्या वर्षीही ठेवला आणि बजावलं, "धार लावून ब्लेड आलं तर ऑपरेटर बसवेल. सेटिंगला हात नको."

सेटिंगला हात मी लावला. नोकरीला आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत माणसाला येतं थोडं आणि आल्यासारखं वाटतं फार. धार लावलेलं ब्लेड आलं, ऑपरेटरने बसवलं, आणि मी म्हटलं, जरा तपासून बघू. गेज सरकत्या टेबलावर बसवला. ब्लेडच्या पुढच्या बाजूच्या दाताला टेकवून शून्य केला. टेबल सरकवलं आणि मागच्या बाजूच्या दाताला टेकवला. दोन पेपरांचा फरक! खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. काकाजींची चूक, आणि ती मी पकडली.

ऑपरेटर म्हणाला, "मैडम, रहने दो. काकाजी कल आ रहे हैं."

"अहो, गेज काय खोटं बोलतो का?" मी म्हटलं आणि बोल्ट ढिले केले. ब्लेड हलवून फरक शून्यावर आणला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझी आई उठता बसता म्हणायची. त्या दिवशी एका अख्ख्या किचनची दारं कापली गेली, आणि एकेकाची कड उंदराने कुरतडल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींनी वरचं दार उचललं. कड बघितलीच नाही, सरळ नाकाला लावली. जळकट वास मलाही लांबून येत होता. "कोणी हात लावला?"

"मी," मी म्हटलं.

आता सगळ्यांसमोर आपली शोभा होणार, म्हणून मी मान खाली घातली. ते जवळ आले. "पुढे कोणत्या दाताला विचारलंत?"

"जो समोर होता त्याला."

"आणि मागे?"

"जो मागे होता त्याला."

काकाजी हसले. मी त्यांना मोठ्याने हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. लालभडक, काकूंची. ब्लेडच्या एका दातावर थेंब लावला, फुंकर मारून वाळवला. "हा बघा. याला पुढे विचारायचं. मग ब्लेड हाताने फिरवून यालाच मागे न्यायचं आणि तिथे विचारायचं. सगळे दात एका ओळीत नसतात, भिया. कोणी जरा इकडे, कोणी जरा तिकडे. दात बदलला की गवाह बदलला. तुम्ही दोन दातांचं भांडण मोजलंत आणि सजा मशीनला दिली."

मग खुणेच्या दाताने त्यांनी सेटिंग पुन्हा लावलं. मी शेजारी उभी होते. काम झाल्यावर गेज पुसता पुसता म्हणाले, "गलती लगेच सांगितलीत म्हणून शिकवलं. नाहीतर डबा उचलून घरी नेला असता." ब्लेड लावायच्या वेळी मी त्यांच्याजवळ असणार, हे त्या दिवसापासून ठरूनच गेलं.

एकाच साक्षीदाराला दोन्हीकडे विचारायचं, हा नियम त्यांनी माणसांनाही लावून ठेवला होता. सकाळी गेटवर विचारलेला प्रश्न दुपारी शेडमध्ये पुन्हा विचारायचे, त्याच शब्दांत. "माल कधी निघाला?" सकाळी दहा आणि दुपारी अकरा असं उत्तर आलं, की त्या माणसाला पुढे काही विचारायचेच नाहीत. सेठजींनाही सोडत नसत. दिवाळीची सुट्टी किती दिवस, हे त्यांनी एकदा ऑफिसात विचारलं आणि तासाभराने मशीनपाशी पुन्हा. सेठजी वैतागले, "काकाजी, अभी तो बताया ना!" काकाजी म्हणाले, "जी. चेक कर रहा था."

तिसऱ्या वर्षी त्यांचा चष्मा घरी राहायला लागला. "मॅडमजी, जरा आकडा वाचता? चष्मा घरी राहिला." मी वाचायची. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज. मी आकडा सांगायचा, त्यांनी हातोडीने हलकेच एक टोला द्यायचा, मी पुन्हा आकडा सांगायचा. सकाळचा तो अर्धा तास. बाकीचे लोक पोहे खात असायचे, पत्र्यावर कबुतरं चालायची, आणि आम्ही दोघं एका लाल दाताभोवती वाकलेलो असायचो. पुढे मी पगार वाढलेला पाहिला, पद वाढलेलं पाहिलं, पण नोकरीत इतकं सुख मला परत मिळालं नाही.

एके दिवशी ते वाकले आणि खिशातून चष्मा खाली पडला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

"हा दुसरा आहे," ते म्हणाले. मग तो उचलत, "नाही. हाच आहे."

ते बाकावर बसले आणि त्यांनी सांगून टाकलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले होते. समोरचं दिसत होतं, पण धूसर. बाजूचं दिसतच नव्हतं, डावीकडचं तर मुळीच. "पाइपातून बघितल्यासारखं," ते म्हणाले. घरी काकूंनाही सांगितलं नव्हतं. डोळे चुरचुरतात म्हणून थेंब टाकतो, असं त्यांना पटवलं होतं. "फक्त तुम्हाला सांगतोय. सेठजींना कळलं तर मला मशीनवरून उठवतील. मशीनवरून उठलो तर मी काय करू, मॅडमजी? घरात बसून कोणाचा आवाज ऐकू?"

मी कोणाला सांगणार नाही, असा शब्द दिला. आणि बरेच महिने पाळलाही. त्यांच्या डाव्या बाजूला कोणी ट्रॉली लावली की मी गुपचूप हलवायची. हत्यारं त्यांच्या उजव्या हाताशी ठेवायची. ऑपरेटर शीट धरायला डावीकडे गेला की मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "तुम्ही डावीकडे थांबा हां." तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघायचा. क्वालिटी बघायला ठेवलेली मुलगी ही असली उठाठेव का करते, हे त्याला कळत नसावं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला त्यांची बोटं दिसायची. हे चुकतंय, हे मला कळत होतं. उद्या बोलू, उद्या बोलू, असं करत मी दिवस काढत होते.

तो मंगळवार होता. जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची शीट कापून झाली आणि काकाजींनी बटण दाबलं. आवाज उतरत उतरत थांबला. ब्लेडशेजारी एक बारीक पट्टी पडली होती. ती उचलायला त्यांनी डावा हात पुढे केला. ज्या माणसाने बोट गेलेल्या प्रत्येकाला हाच एक प्रश्न विचारला होता, त्या माणसाने. मी ओरडायच्या आधी टक् असा आवाज झाला. अनामिकेच्या नखाचं टोक उडालं होतं. रक्त नाही, काही नाही. त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "वाढलंच होतं," ते म्हणाले, "कापायचं होतंच." आणि हात धुवायला निघून गेले. मी माझा जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

दुपारी तीनला मी सेठजींच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. आधी काकाजींकडे जावं, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. पण त्यांच्यासमोर बसून "आता उठा" म्हणायची माझी छाती झाली नाही. केबिनमध्ये सोपं होतं, तिथे त्यांचा चेहरा नव्हता. आणि निघताना मी आणखी एक गोष्ट केली, जी सांगायला मला आजही जड जातं. मी म्हटलं, "सेठजी, मेरा नाम मत बताइएगा."

"आपने सही किया," सेठजी म्हणाले. "नाम नहीं आएगा."

दुसऱ्या दिवशी सेठजींनी काकाजींना फार आदराने बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला, आणि स्टोअरमध्ये बदली केली. बिजागऱ्या आणि हँडलं मोजून द्यायचं काम. "आराम का काम है, काकाजी," सेठजी म्हणाले. अकरा वाजता मी गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होते, तिथे काकाजी आले. "सेठजींना कोणी सांगितलं असेल, मॅडमजी?"

चोराच्या मनात चांदणं. "माहीत नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी बसस्टॉपवर ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "सेठजींना कोणी सांगितलं असेल, मॅडमजी?" तेच शब्द, तोच सूर.

"खरंच माहीत नाही, काकाजी."

"बरं," ते म्हणाले. बस आली. त्यांनी मला आधी चढू दिलं. ती गोष्ट त्यांनी जगात फक्त मला सांगितली होती. तरी माझ्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसला असेल, अशी समजूत मी कशी करून घेतली, कोण जाणे.

स्टोअरमध्ये ते नऊ दिवस होते. भिंतीपलीकडे मशीन चालायची. ब्लेड जरा कण्हायला लागलं, की हातातल्या बिजागऱ्या खाली ठेवून ते दारात येऊन उभे राहायचे. पुढे यायचे नाहीत. ऑपरेटर त्यांच्याकडे बघायचा आणि मशीन बंद करून मला हाक मारायचा. दहाव्या दिवशी काकाजी आले नाहीत. माझ्या ड्रॉवरमध्ये गेजचा डबा होता, साडीच्या तुकड्यासकट. सेठजींनी माणूस पाठवला, तर निरोप आला की तब्येत ठीक आहे, पण आता येणार नाही.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. आता त्या कारखान्याचं प्रॉडक्शन मी बघते. ब्लेड अजून मीच लावते. नवीन इंजिनियर मुलं आपसात हसतात, कारण मॅडम नेलपॉलिश नखांना लावत नाहीत, करवतीला लावतात. त्यांना मी सगळं शिकवते, काकाजींचं नाव घेऊन शिकवते. फक्त ते का गेले असं कोणी विचारलं, की म्हणते, वय झालं होतं.

महूला मी गेले नाही असंही नाही. मानपूरला माझी मामेबहीण असते. तिच्याकडे जाताना दर वेळी महू लागतं. दर वेळी मी ठरवायची की येताना उतरू, आणि येताना डोळे मिटून घ्यायची. घर कुठे आहे ते ऑपरेटरकडून मला केव्हाच कळलं होतं. तो दर जयंतीला मोटरसायकल काढून महूला जातो, काकाजींच्या जागी पाणी वाटायला. या वर्षी परत आल्यावर तो माझ्या केबिनच्या दारात घुटमळला.

"काकाजी पूछ रहे थे, मैडम कैसी हैं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"बोला, अच्छी हैं." तो जायला वळला आणि परत आला. "मैडम, शाम को उन्होंने वापस पूछा."

त्या रविवारी सकाळी मी गेले. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं आणि काही न विचारता बाजूला झाल्या. काकाजी खिडकीजवळ खाटेवर बसले होते. केस सगळे पांढरे, शर्ट तोच खाकी, इस्त्रीचा. आता त्यांना उजेड तेवढा कळतो. मी "काकाजी" म्हटलं, तर चेहरा एकदम माझ्याकडे वळला. "मॅडमजी? बसा, बसा." काकूंनी चहा आणला आणि त्या आत गेल्या. मी वाटेत बरंच काही पाठ करून आले होते. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"काकाजी, सेठजींना मी सांगितलं होतं."

"हो," ते म्हणाले. "तुमच्याशिवाय माहीत कोणाला होतं?"

"मला फार भीती वाटली होती. तुमच्या हाताची."

"भीती सही होती. त्या दिवशी मी पण घाबरलो होतो. हात धुवायला गेलो तर नळ सापडेना." ते खिडकीकडे तोंड करून बोलत होते. "पण आधी मला सांगायचं होतं ना, मॅडमजी. मी उठलो असतो. माझा मी उठलो असतो. सगळ्यांसमोर."

चहावर साय धरली होती. शेवटी मी विचारलं, "तुम्ही मला दोनदा विचारलंत. तुम्हाला ठाऊक होतं, तर तेव्हाच तोंडावर का नाही बोललात?"

"म्हटलं, दमल्या असतील. उद्या सांगतील. मग स्टोअरमध्ये बसलो, तिथे म्हटलं, आज येतील. मग घरी आलो, तर म्हटलं, कामाच्या दिवशी कशा येणार, रविवारी येतील." ते जरासे हसले. "तेव्हापासून रविवारी मी दुपारचा झोपत नाही. दार वाजलं तर हिला उठायला लागू नये म्हणून."

इंदूरहून महूला दर पंधरा मिनिटांनी बस सुटते. तेव्हाही सुटत होती.